साडूबुवा आणि इस्त्रीच्या पट्ट्या

माझ्या थोरल्या साडूंच्या जिपेत बसलेला माणूस एकदा तरी पेशंट झाल्याशिवाय खाली उतरल्याचं मी पाहिलेलं नाही. नेकनूरच्या या गृहस्थांनी सारी नोकरी सरकारी जीप चालवण्यात घालवली. तलावांच्या मोजणीसाठी साहेबलोकांना बालाघाटाच्या डोंगरात न्यायचं आणि धड परत आणायचं, एवढंच काम. निवृत्तीनंतर लोक पिठाची गिरणी टाकतात, नाहीतर सरपंचाच्या विरोधात उभे राहतात. साडूबुवांनी एक जुनी जीप घेतली आणि डांबर संपल्यावर पुढे ज्या वस्त्या लागतात, तिथे जायला सुरुवात केली. कुणाचं बियाणं पोचवायचं, कुणाची म्हातारी दवाखान्यात आणायची. कधी बीडला मला निरोप यायचा, "पाव्हणं, रविवारी काय करायलाव? चला, हिंडून येऊ."

अशात बीडला एक वर्ग भरला. जिथे रस्ता नाही, दवाखाना नाही, अशा ठिकाणी गाडी नेणाऱ्यांना प्रथमोपचार शिकवायचे होते. बाकी सगळी पंचविशीतली, रंगीत जाकिटं घातलेली मंडळी. पहिल्या रांगेत मात्र पांढरा सदरा, टोपी आणि दोनशे पानी वही घेऊन आमचे साडूबुवा. शिकवणारी डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीपेक्षा लहान. ती म्हणाली, सगळ्यात आधी रुग्णवाहिकेला फोन करायचा. साडूबुवांचा हात वर. "बाई, आमच्या वाटंवर फोन लागत न्हाई. मंग पयलं काय करायचं?" ती हसली. "मग काका, पहिले तुम्हीच." हे वाक्य साडूबुवांनी पदवीसारखं घरी आणलं. पुढे तोच वर्ग त्यांनी आणखी दोनदा केला. तिसऱ्या खेपेला बाईंनी पट्टी बांधायचं शिकवणं त्यांच्यावरच सोपवलं.

त्यांना सरावाला माणूस लागायचा आणि तो बहुधा मी असायचो. धाकट्या मेव्हणीच्या मंगल परिणयाच्या दिवशी, मोडलेला पाय कसा बांधावा हे वऱ्हाडाला दाखवण्यासाठी त्यांनी माझा उजवा पाय दोन लाटण्यांना घट्ट बांधला. तेवढ्यात कुणीतरी त्यांना वाढपाच्या व्यवस्थेला बोलावलं आणि ते मला विसरून गेले. त्रिसरण म्हणायला सगळा मांडव उभा राहिला, मी एकटा खुर्चीत. पुढचा आठवडाभर लोक केळी घेऊन माझ्या घरी येत होते. अक्कांची, म्हणजे साडूबुवांच्या बायकोची तक्रार वेगळीच. त्यांची सुती लुगडी एकेक करून पट्ट्या होऊन गेली. पापडाचा स्टीलचा डबाही जिपेत गेला आणि त्यात या पट्ट्या धुऊन, इस्त्री करून ठेवलेल्या. "स्वतःच्या सदऱ्याला कधी इस्त्री केली न्हाई ह्या मानसानं," अक्का म्हणायच्या.

एकदा मी वैतागून विचारलंच, "भाऊ, या वयात हे कावून?" साडूबुवांनी जीप उभी केली. म्हणाले, नोकरीत असताना मोजणीची साखळी धरणारा एक गडी दरडीवरून पडला. "तो वराडत व्हता, हलवू नगा, हलवू नगा. आमी म्हनलं, उशीर नगं. चौघांनी हातापायाला धरून उचलला अन् टाकला जिपंत. जगला तो. पन पुन्हा चालला न्हाई. डोक्याकडनं मी धरलंतं, पाव्हणं." मग त्यांनी गिअर टाकला. त्यानंतर मी पाय बांधून घ्यायला कधी कुरकुर केली नाही.

दिवाळी झाल्यावर आम्ही असेच डोंगरातल्या एका वस्तीकडे निघालो होतो. वाटेत एक माणूस दोन्ही हात हलवत आडवा आला. गवत कापताना त्याची बायको घसरली होती आणि विळा तिच्या पोटरीत खोल गेला होता. रक्त थांबत नव्हतं. नवरा ओंजळीत माती घेऊन उभा. "माती टाकू नगं बे!" साडूबुवा ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकत होतो. डबा उघडला, पट्ट्यांची घडी जखमेवर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. मला म्हणाले, "जीप तुमी चालवा."

मी तोवर आयुष्यात स्कूटर चालवलेली आणि भावाची कार दोनदा. मागे ती बाई आडवी, तिचा पाय नवऱ्याच्या मांडीवर उंच धरलेला आणि साडूबुवांचे हात जखमेवर. पट्टी भिजली की ती न काढता वर दुसरी. मी दगड चुकवत होतो आणि मागून त्यांचा आवाज येत होता. नाव काय? माहेर कुठलं? शेळ्या किती? त्यांची नावं काय?

"झोप यायलीय," ती पुटपुटली.

"झोपायचं न्हाई, माय. काळीचं नाव सांगितलं, पांढरीचं राह्यलं की."

घाटाच्या तोंडाशी फोन लागला. मांजरसुंब्याच्या फाट्यावर रुग्णवाहिका उभी होती. तिच्यातल्या डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि म्हणाले, "दाबून धरलंत, म्हणून इथवर आली." ती गेल्यावर साडूबुवांची बोटं उघडेनात. ढाब्याच्या नळाखाली मी ती एकेक करून सरळ केली. मला पट्ट्यांमध्ये गुंडाळताना ज्यांना जगातलं सगळं ठाऊक असायचं, त्यांनी लहान आवाजात मला विचारलं, "ती वाचंल न्हवं, पाव्हणं?"

ती वाचली. थोडी लंगडते, पण डोंगर चढते. आता साडूबुवांची नजर अधू झाली आहे. लेकांनी जीप विकायला लावली. सीताफळांच्या दिवसांत ती बाई एसटीने टोपलं घेऊन नेकनूरला येते. यंदा मीही तिथे होतो. ती अक्कांना सांगत होती, "त्या दिशी बाबांनी माज्या शेळ्यांची बी नावं इचारली. मला जलमात कुनी इतकं इचारलं न्हवतं."

साडूबुवा ऐकून न ऐकल्यासारखं करत एक सीताफळ दाबून बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्याकडली वाट कशी हाय आता?"

"हाय तशीच, बाबा," ती म्हणाली. "गाडीच कुनाची येत न्हाई."