आभाळातून पडलेलं मांस
मटण शिजल्याचा वास आला की मी अजून उठून बाहेर जातो. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत कामठीच्या छावणीत मामा स्वैपाकी होता, त्यानं मले भांडी घासायच्या नोकरीले नेलं. तिथं अमेरिकेचा एक गोरा सोजीर हसत हसत सांगत होता अन् मामा मले आपल्या बोलीत समजावत होता, की याच्या आजाच्या गावात भर उन्हात, ढग नसताना, आभाळातून मांसाचे तुकडे पडले. "काहून पडले, मामा?" "कोणालेच समजलं नाही. गावातल्या दोघांनी तर चाखून पायलं." "कशाचं ते माहीत नसताना?" "हो ना बे!" मी तिथंच ओकलो, अन् नोकरी सोडून पायी कन्हानले घरी आलो. घरात दाणा नव्हता. सारं ऐकून माय म्हणाली, "तुले कोणी चाखाले सांगतलं होतं काय गा?" पण असं काहीही चाखणाऱ्या त्या गोऱ्या सोजिरायच्या उष्ट्या भांड्याले मी आजही हात लावणार नाही.