हेल्मेटवरची टपली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती मला देवमाणूस वगैरे समजत नाही, तरी — नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बरंय ते.

मी नाशिकला पोलिसांतल्या पोरांना बॉम्ब निकामी करायची साधनं वापरायला शिकवतो. जाड सूट कसा चढवायचा, एक्स-रेची पाटी कशी ठेवायची, हात कुठे लावायचा नाही. चूक दिसली की अख्ख्या ग्राउंडला ऐकू जाईल असा झापतो. पोरं मागून मला तोफ म्हणतात, माहितीये मला.

तो सूट एकट्याला घालता येत नाही. दुसऱ्याने घालून द्यावा लागतो — पट्टे, कॉलर, हेल्मेट, हेल्मेटातला पंखा. पंखा बंद पडला की आपल्याच श्वासाने काच धुरकटते आणि पुढचं काही दिसत नाही. म्हणून आमच्यात एक रीत आहे. सगळं तपासून झालं की घालून देणारा हेल्मेटवर टपली मारतो. म्हणजे — मी बघितलंय, जा. ही टपली खोटी मारायची नाही, असं प्रत्येक बॅचला घसा फोडून सांगतो. मी!

विंचूरला कांद्याच्या मार्केटात एक बेवारस बॅग सापडली. चेनमधून वायरी बाहेर आलेल्या. लिलाव बंद, माणसं हाकललेली, ट्रॅक्टर जागच्या जागी. बॅगेमागे एक्स-रेची पाटी ठेवायला माणसालाच जावं लागतं, आणि जायची पाळी माझी होती.

खरं सांगू? घाबरलो. इतकी वर्षं ग्राउंडवरच्या बॅगेत काय आहे ते मीच भरलेलं असायचं. ही मी भरलेली नव्हती. आधी खऱ्या कॉलला गेलो नव्हतो का? गेलो होतो की — पण दर वेळी पाळी दुसऱ्याची.

पोरं सामान उतरवत होती. मी गाडीत एकटा, सूटजवळ. पंख्याच्या बॅटरीचा प्लग अंगठ्याने सैल केला. एवढंच केलं. मग बाहेर येऊन ओरडलो — पंखा गेलाय, नाशिकहून दुसरा सूट मागवा! तो येईल तेव्हा येईल, सोबत दुसरं कोणीतरी येईल, असलं काहीतरी डोक्यात.

किरण पुढे आला. निफाडकडचा कॉन्स्टेबल, माझ्याच हाताखाली शिकलेला, लग्न नुकतंच झालेलं. म्हणाला, "सर, मी जातो ना. काच धुरकटली तर थांबायचं, श्वास बारीक घ्यायचा, तुम्हीच शिकवलंय. लय वेळ नाय लागायचा." मग जरा थांबून — "प्लग बघितला ना, सर?"

"बघितला."

पंखा बंद तर कोणीच जायचं नाही, हा नियम. मीच शिकवतो तो. मग तेव्हा का नाही बोललो? बोललो असतो तर सूट बाजूला ठेवला असता आणि कोणीतरी आधी प्लगच चाचपला असता. पंखा चालू झाला असता. आणि पाळी — पुन्हा माझी.

मी त्याला सूट चढवला. बॅटरी माझ्या हाताखाली होती, जरासं ढकललं की झालं. नाही ढकललं. हेल्मेट बसवलं, आणि टपली मारली.

अर्ध्या वाटेत काच पांढरी झाली, ते मला लांबूनही कळलं. मान वाकडी करून खालच्या कोपऱ्यातून बघत होता बिचारा. मग कांद्याच्या ढिगात पाय गेला आणि बॅगेच्या अगदी पुढ्यात तो गुडघ्यावर आपटला. अरे देवा! मी डोळे मिटले. त्याला शिकवणारा मी — डोळे मिटून उभा.

तो उठला. पाटी ठेवून परत आला. बॅगेत निघाला विहिरीची मोटार मोबाईलवरून चालू करायचा स्टार्टर, कोणीतरी दुरुस्तीला आणलेला. सगळे पोट धरून हसले. किरण घामाने चिंब, हेल्मेट निघाल्या निघाल्या माझ्या पाया पडला. परतताना मी गुपचूप प्लग आत ढकलला. नंतर पंखा चालू दिसल्यावर म्हणालो, लूज कनेक्शन असेल.

म्हणजे काही झालंच नाही, नाही का? पण किरण आता माझ्यासोबत शिकवतो. प्रत्येक बॅचला तो हा किस्सा सांगतो — पंखा बंद असला तरी जाता येतं, सर होते ना मागे! पोरांना पंखा बंद करून चालायला लावतो. मी शेजारी बसून मान डोलावतो. फोन वाजला की पहिलं हेच येतं डोक्यात — आपल्याकडून गेलेल्या कुठल्या पोराने कुठे असं केलं असेल? आणि काच पांढरी झाल्यावर त्याचा पाय कशावर पडला असेल?

काल नव्या बॅचमधली एक मुलगी सूटमध्ये उभी होती, पंखा मुद्दाम बंद. पुढच्या आठवड्यात ती पथकात रुजू होतेय, खऱ्या कॉलवर. किरण म्हणाला, "सर, हिला टपली तुम्हीच मारा. तुमच्या हाताला यश हाय."

काचेतून ती माझ्याकडे बघत होती. हसली बहुतेक. काच हळूहळू पांढरी होत गेली, तिचे डोळे दिसेनासे झाले.

मी टपली मारली.