चिंचेचे उंडे

बनशंकरीतल्या इंदिराबाईंना एकाहत्तराव्या वर्षी मराठी मंडळाच्या नाटकात आत्याची भूमिका मिळाली. चाळीस वाक्यं आणि शेवटी एकदा बेशुद्ध पडायचं.

पण महिनाभर घरातला गूळ आपोआप कमी होत होता. विचारलं की यजमान, सुब्बाराव, मायेनं सांगत, आमटीत दोनदा घातलास, स्वल्प विसरतेस हल्ली. गूळ घातलेला आठवत नाही, तर चाळीस वाक्यं कुठली आठवणार! भूमिका परत करते असं मंडळाच्या संध्याला रविवारी कळवायचं, हे बाईंनी ठरवून टाकलं.

शनिवारी दुपारी टीव्हीवर एक जुना काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा लागला. लग्नानंतर दोघांनी थेटरात पाहिलेला. त्यातला नवरा घरातल्या वस्तू स्वतःच लपवतो आणि तुझंच डोकं ठिकाणावर नाही, असं बायकोच्या गळी उतरवतो. तेव्हा इंदिराबाई त्या बायकोसाठी रुमाल भिजेपर्यंत रडल्या होत्या. आज त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी. डॉक्टरांनी गोड बंद केलेले सुब्बाराव मिशीतला गुळाचा कण जिभेनं शोधत होते आणि पडद्यावरच्या नवऱ्याला नीच, हलकट म्हणत होते.

बाई उठल्या. आत जाऊन त्यांनी जुनी काळी चिंच मळली, बाजारातल्या गुळासारखे गोल उंडे वळले, वरून गुळाची पूड लावली आणि डबा जागच्या जागी ठेवला.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात भांडं पडलं. सुब्बाराव बाहेर आले ते एक डोळा मिटून, गाल आत ओढून. काय झालं विचारलं, तर म्हणाले, देवाला नमस्कार करत होतो.

इंदिराबाईंनी कॉफीचा लोटा पुढे केला. "आज तुम्हाला सूट. गुळाचा एक खडा घालू?"

"नको नको, ती चिंच आहे."



"हो का?" बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि मी विसरते."

सुब्बारावांनी मान खाली घातली. बाईंनी त्यांच्या हातात नाटकाची वही दिली आणि पदर खोचून पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. ते ओळीवर बोट फिरवत राहिले. दात इतके आंबले होते की मध्ये टोकणंही जमेना.

"कुठं चुकले?"

सुब्बारावांनी वहीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"एकही चूक नाही, इंदू. चाळीसच्या चाळीस."


मग सुब्बारावांनीच संध्याला फोन लावून आत्याच्या लुगड्याचा रंग विचारला.