चिनी बॉम्बर आणि आमचं गॅरेज

मी लेखक नाही, लष्करी विमानांचा जाणकार तर मुळीच नाही. तरीही लिहायला बसलो आहे, याबद्दल वाचकांनी आधीच माफ करावं. याच विषयावर मी एकदा चाळीस पानं लिहिली होती, आणि तेव्हा मात्र कुणाची माफी मागितली नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात अप्पांचं गॅरेज होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती पायरी म्हणजे दुबईतल्या करामा भागातल्या एका फ्लॅटमध्ये शुक्रवारी भरणारे पत्रद्वारा अभ्यासक्रमाचे वर्ग. विषय संरक्षणशास्त्र. शेवटच्या वर्षी प्रबंध होता: चीनच्या बॉम्बर विमानांचं भवितव्य. पहिला वर्ग मिळाला तर पुण्याला एम.ए., नाहीतर गॅरेज, असं अप्पांशी ठरलं होतं.

चीनकडे जुन्या रशियन नमुन्यावरून बांधलेली बॉम्बर होती. अंगानं दणकट, पण इंजिनं जुनाट आणि भयंकर इंधन पिणारी. ती दहा वर्षांत भंगारात जातील आणि चीन रडारला न दिसणारं, संपूर्ण नवं बॉम्बर उडवेल, असं मी ठोकून दिलं. 'निःसंशय' हा शब्द पानागणिक होता. माझा आधार म्हणजे लायब्ररीतली दोन मासिकं, त्यातल्या एकाची मधली पानं फाटलेली.

एका संध्याकाळी अप्पांना ते वाचून दाखवलं. ते एका पिकअपखाली आडवे होते. नवं विमान केवढ्याला पडेल, त्यांनी विचारलं. मी मासिकातला अमेरिकन विमानाचा आकडा दिरहममध्ये सांगितला. सवयीनं ते मोठ्यानं रुपये करू लागले आणि मध्येच थांबले.

"बॉडी सडलीय का त्या जुन्यांची?"

"नाही, बॉडी मजबूत आहे."

"मग दुसरं इंजिन बसवा म्हणावं. आपण इथं काय करतो?"

खरंच, आमचं गॅरेज त्यावरच चालायचं. शारजातून वापरलेली जपानी इंजिनं आणायची आणि जुन्या पिकअपमध्ये बसवायची. मी मात्र समजुतीच्या सुरात म्हणालो, की अप्पा, हे स्ट्रॅटेजिक असतं. "असेल साहेब," म्हणून त्यांनी पाना मागितला.

तोंडी परीक्षा घेणारे सर हवाई दलातून निवृत्त झालेले. चाळीस पानं चाळून त्यांनी एकच विचारलं: नव्या विमानाला इंजिन कुठून येणार? चीनला चांगलं जेट इंजिन अजून जमत नाही, हे मीच तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं. शेवटी आयुष्यभर कानावर पडलेलं तोंडून निघालं.

"इन्शाल्ला, बनवतील, सर."

दुसरा वर्ग मिळाला. निकालानंतरच्या शनिवारी गॅरेजात गेलो, तर खुंटीवर माझ्या मापाचा निळा डगला टांगलेला होता.

बऱ्याच वर्षांनी, गॅरेजच्या कॉम्प्युटरवर एक पार्ट शोधताना बातमी दिसली. चीननं त्याच जुन्या बॉम्बरमध्ये जास्त ताकदीची रशियन इंजिनं बसवली होती. अप्पांना वाचून दाखवल्याशिवाय राहवलं नाही.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मोठं इंजिन म्हणजे हवा जास्त लागणार. हवेची तोंडं वाढवावी लागली असतील बघ."

मी पुढची ओळ वाचली. वाढवली होती.