लाल तार आणि ओला दुपट्टा

भट्टीवर मी आणि खाली एसी खोलीत भाऊ, अशी आमची जोडी. भाऊ म्हणजे सख्खा नव्हे, बपेरा गावचा सोबती, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी वर मीटर लावून वॉकीटॉकीवर म्हणायचो, "बोल गा भाऊ." तो स्क्रीनवरचं तापमान सांगायचा, मी माझ्या आकड्याशी ताडून पाहायचो. दिवसभराचं बोलणं ते एवढंच. पण बायको गेल्यापासून माझ्याशी रोज बोलणारा माणूस तोच. मुलगी पुण्याला, तिचा फोन रविवारी. बाकी क्वार्टरमध्ये कुकरची शिट्टी वाजली तरी बरं वाटायचं.

म्हणून साहेब जेव्हा म्हणाले की भट्टीचं तापमान या आठवड्यात बरोबर आलं नाही तर हे काम बाहेरच्या एजन्सीला देऊ आणि भाऊला दुसऱ्या प्लांटला पाठवू, तेव्हा माझं डोकंच सणकलं.

ठेकेदाराच्या माणसांनी केबल नव्यानं ओढली होती. तेव्हापासून भट्टीत कडक करायला घातलेले गिअर वाकडे निघत होते. भट्टी जास्त तापायची आणि स्क्रीन कमी दाखवायचा. भट्टीतलं तापमान मोजणारा थर्मोकपल नवा घातला, तरी तेच. मी ठेकेदाराच्या नावानं बोंबा मारत सुटलो.

"बोंबलून भट्टी थंडी होते काय?" भाऊ म्हणाला. "डब्बा खा पयले." वहिनींनी लाखोरीच्या डाळीचे वडे दिले होते. त्यातले दोन कायम माझ्या नावाचे असत.

जेवून पुन्हा वर चढलो. थर्मोकपलच्या तारा भट्टीबाहेर एका लोखंडी डबीत संपतात आणि तिथून केबल भाऊच्या खोलीतल्या पॅनेलकडे जाते. जोडणी नीट असेल तर ती डबी गरम असो की थंड, स्क्रीनवरचा आकडा हलत नाही. उकाड्यानं जीव नको झाला होता. डोक्याचा ओला दुपट्टा सोडला आणि वैतागून त्या डबीवरच गुंडाळला.

"काय करून राहिला गा?" वॉकीटॉकी ओरडला. "आकडा वाढून राहिला!"

"डबी थंडी करून राहिलो."

"डबी थंडी केली त भट्टी गरम? येडा झाला काय?"

मी एकटाच हसत सुटलो. चूक सापडली होती! डबी थंड झाल्यावर आकडा हलला, म्हणजे जोडणीच उलटी. घरच्या वायरिंगच्या सवयीनं ठेकेदाराच्या माणसांनी लाल तार प्लसला लावली होती. या केबलमध्ये लाल म्हणजे मायनस. एकाच टोकाला चुकले असते तर आकडा उलटा पळाला असता आणि चूक पहिल्याच दिवशी कळली असती. शहाण्यांनी दोन्ही टोकांना तीच चूक केली. त्यामुळे आकडा दिसायला साळसूद, पण डबी तापेल तसा खाली उतरणारा.

दोन्हीकडच्या तारा बदलल्या. आकडे जुळले. साहेबांनी पाठ थोपटली, सगळ्यांना चहा पाजला. भाऊ राहणार म्हणून मी त्या दिवशी क्वार्टरवर गाणं म्हणत गेलो.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. अगदी खुशीत होते. "आता मोजमाप इतकं भरवशाचं झालंय, तर आकडा थेट तुमच्या मोबाइलवरच देऊ. खाली वेगळा माणूस कशाला?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. महिन्याच्या आत भाऊची बदली झाली, त्याच दुसऱ्या प्लांटला.

आता मी वर चढतो, मोबाइल उघडतो. आकडा बरोबर असतो. रोजच बरोबर. असा राग येतो की मोबाइल भट्टीत फेकावा. फार एकटं वाटतं, दुसरं काय.

परवा भाऊला फोन लावला.

"कसं हाये गा तिथं?"

"सारं बरोबर हाये. कोणी कोणाले काही विचारत नाही."

तिकडं पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"तो दुपट्टा कायले भिजवला गा तू?" भाऊ हसत म्हणाला. पण फोन काही ठेवला नाही. मलाही ठेववेना.