बारा सूर्यभान

सहादूआप्पा नगरच्या बाजारात एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. मांडीवर गोणपाट, गोणपाटावर तांब्या नाहीतर ताट, आणि हातात विजेवर थरथरणारी सुई. गिऱ्हाईक पुढं येऊन उभं राहिलं की ते मान वर न करता एकच विचारायचे, "कुनाकडनं?"

भांडं कुणाला द्यायचंय, लग्न आहे की वास्तुशांती, हे सगळं नंतर. आधी देणाऱ्याचं नाव, कारण ते मोठ्या अक्षरात यायचं. घेणाऱ्याचं नाव जागा उरली तर. आणि भांड्यावर जागा उरत नसते, हे कुठल्याही घरातलं फडताळ उघडून बघावं. मामा, मावसा, आत्याचे यजमान, सोसायटीचे चेअरमन, सगळे ओळीनं मांडलेले असतात. जिचा तो संसार, तिचं नाव मात्र कंदील घेऊन शोधलं तरी सापडत नाही.

आप्पांची धाकटी मुलगी प्रज्ञा शाळा सुटली की पायरीवर येऊन बसायची. बघता बघता तिचाही हात बसला. वेलांटी कुठं वळवायची, वाटीच्या गोलाईवर ओळ तिरकी कशी जाऊ द्यायची नाही, हे तिला दहावीच्या आधीच येत होतं. पळण्यातही ती कुणाला ऐकत नसे. नववीत असताना तालुक्याच्या शर्यतीत पहिली आली आणि बक्षीस म्हणून स्टीलचा जग घेऊन घरी आली. जगावर लिहिलं होतं, 'सूर्यभानशेठ यांजकडून सप्रेम भेट'. अक्षर आप्पांचंच. शेठनी बक्षिसाची भांडी नाव घालायला एकगठ्ठा दिली होती.

"आप्पा, माझं नाव कुठंय?" तिनं विचारलं.

"कुनाला मिळनार, ते मला कुठं ठावं हुतं?" आप्पा म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं.

पुढं कितीतरी वर्षं पाहुणेरावळे त्या जगातलं पाणी पीत आले आणि पाणी पिता पिता शेठचं कौतुक करत आले. पळालं कोण, हे एकानंही विचारलं नाही. प्रज्ञाला त्याचा राग आला. काही माणसं राग लगेच खर्चून टाकतात. प्रज्ञानं तो साठवून ठेवला.

हे सूर्यभानशेठ म्हणजे ज्यांच्या दुकानाची ती पायरी, तेच. मूळचे घोडेगावचे, आता नगरात भांड्यांचं मोठं दुकान. माणूस वाईट नव्हता. पायरीचं भाडं त्यांनी कधी मागितलं नाही, सकाळ-संध्याकाळ आप्पांना चहा पाठवायचे. फक्त दिलेल्या वस्तूवर आपलं नाव दिसलं नाही, तर ती वस्तू दिल्यासारखी त्यांना वाटायचीच नाही. घोडेगावच्या शाळेतल्या पाण्याच्या टाकीवर त्यांचं नाव होतं, स्मशानातल्या बाकावरसुद्धा होतं.

प्रज्ञा कॉम्प्युटर शिकली. लग्नपत्रिका जुळवणाऱ्या एका दुकानात तिनं काही वर्षं नोकरी केली आणि अठ्ठ्याण्णव साली माळीवाड्याच्या स्टँडजवळ छोटासा गाळा घेतला. आत एक कॉम्प्युटर, रंगीत प्रिंटर आणि पुण्याहून आणलेली कपडे दाबायची तापती प्रेस. बाहेर पाटी लावली: 'शर्टावर नाव, फोटो, चित्र. एक शर्टसुद्धा छापून मिळेल.'

त्या 'एक शर्टसुद्धा'वर सगळा बाजार हसला. नगरात शर्ट छापणारे होते, पण ते जाळीवर छापायचे. रंगागणिक एक जाळी बनवायची, मग पन्नास तरी शर्ट हवेत, आणि पन्नासांवर एकच मजकूर. प्रज्ञाच्या यंत्राला जाळी लागत नव्हती. कॉम्प्युटरवर लिहायचं, खास कागदावर उलटं छापून घ्यायचं, कागद शर्टावर पालथा घालून प्रेस दाबायची. कागद सोलला की अक्षर कापडावर सुलटं उमटलेलं. पहिल्या शर्टावर अमुक आणि दुसऱ्यावर तमुक असलं तरी यंत्राला त्याचं काहीच नव्हतं.

"हे तुमचंच काम आहे, आप्पा," ती म्हणाली. "एक भांडं, एक नाव. मी फक्त भांडं बदललं."

"भांड्यावर नाव घालत्यात, पोत्यावर घालत्यात," आप्पा म्हणाले. "मानसाच्या अंगावर कोन घालून घील?"

"घोडामैदान जवळच आहे. बघा की."

आणि लोक आले. कॉलेजातली पोरं आली, वाढदिवसवाले आले. प्रज्ञा कुणाची भीड ठेवायची नाही. कुणी काळा शर्ट घेऊन आला की ती सरळ परत पाठवायची. यंत्रात पांढरी शाई नसतेच, पांढरं म्हणजे खालचं कापड, हे ती एकदा सांगायची, दुसऱ्यांदा सांगायची नाही. शर्ट हातात देताना मात्र न चुकता बजावायची, "उलटा करून धुवा आणि धोपाटणं लावू नका."

नव्व्याण्णवच्या जानेवारीत घोडेगावच्या पोरी आल्या. कबड्डीचा संघ. जिल्ह्याच्या सामन्यांसाठी त्यांची पहिल्यांदाच निवड झाली होती. पुढं त्यांची कप्तान वृषाली, सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत धीट. मागं तिची आई गोजरबाई, हातात पांढऱ्या शर्टांचं गाठोडं घेऊन. शर्ट सूर्यभानशेठनी गावच्या पोरींसाठी घेऊन दिले होते.

"ताई, पाठीवर नंबर टाकायचाय," वृषाली म्हणाली.

"आणि नाव?"

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. "बाराजनी हायत आमी. बारा येगळी नावं हुत्यात का?"

"बारा काय, बाराशे होतात. प्रत्येकीच्या पाठीवर तिचंच नाव येईल. माझा शब्द आहे."

वृषालीनं आपलं नाव कागदावर काढून दिलं आणि ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. त्या पोरीचा चेहरा बघून प्रज्ञाला फडताळातला जग आठवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाराही शर्ट तयार होते. निळ्या ठसठशीत अक्षरात नाव आणि खाली नंबर.

संध्याकाळी शेठ शर्ट बघायला गाळ्यावर आले. एकेक शर्ट उलटासुलटा करून पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"देनाऱ्याचं नाव कुठाय?"

"शेठ, खेळणाऱ्यांची नावं घातलीत."

"त्यांची घाल की. पर आधी माझं. सहादूची पोर ना तू? भांड्यावर नाव दर्शनी असतं का तळाला?"

"हे भांडं नाही शेठ. छातीवर बारीक घालते तुमचं."

"बारीक?" शेठना तो शब्दच सोसला नाही. "पाठीवर पायजे. मोठं. लांबून वाचता आलं पायजे. 'सूर्यभान', एवढंच घाल, पुढचं लोकांना कळतंय."

"छापलेलं निघत नाही. वर छापलं तर खिचडी होईल."

"मग झाक. पट्टी लाव वरून."

प्रज्ञा भांडायला उभी राहणारच होती, तेवढ्यात दारात आप्पा दिसले. त्यांनी हात जोडले नाहीत, पण त्यांच्या डोळ्यात वीस वर्षांची ती पायरी होती. शेठ गेल्यावर ते म्हणाले, "ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. लाव पट्टी."

"लावते," प्रज्ञा म्हणाली. "शेठना हवी तशीच लावते. मोठी, लांबून वाचता येईल अशी."

तिनं पांढऱ्या कापडाच्या बारा पट्ट्या कापल्या, त्यांच्यावर 'सूर्यभान' छापलं आणि पोरींच्या नावांवर त्या शिवून टाकल्या. सामन्याच्या सकाळी पोरींनी शर्ट पाहिले आणि त्यांची तोंडं एवढीएवढीशी झाली. वृषाली तर रडायच्या बेतात आली. "ताई, तुमी शब्द दिल्ता."

"दिलाय. तुझं नाव खालीच आहे. वरची कच्ची शिलाई आहे, दोरा ओढला की पट्टी हातात येते."

"मग वढा की!"

"मी नाही ओढणार. शेठच सांगतील ओढायला. तू खेळ."

पोरींना हे काही पटलं नाही. खरं सांगायचं तर प्रज्ञालाही खात्री नव्हती, पण ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. वाडिया पार्कच्या मैदानावर पोचल्याबरोबर ती लाऊडस्पीकरजवळ गेली. तिथं बन्सीकाका माईक फुंकत बसले होते. जिल्ह्यातला कुठलाही सामना असो, पुकारायला बन्सीकाका. आवाज खणखणीत, आणि समोर दिसेल ते बोलल्याशिवाय राहायचं नाही हा स्वभाव.

"काका, यंदा घोडेगावच्या पोरींच्या पाठीवर नावं आहेत. नंबर नका पुकारू, नाव पुकारा. मुद्दाम वाचण्यासाठीच घातलीत."

"नाव? पाठीवर?" काका खूश झाले. "आता बघ कसा पुकारतो."

सामना सुरू झाला. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत सूर्यभानशेठ, गळ्यात हार. वृषाली चढाईला निघाली, आणि लाऊडस्पीकर गरजला.

"घोडेगावकडून चढाईला निघालेत... सूर्यभान!"

शेठ खुर्चीत सरसावून बसले. शेजारच्या पाहुण्यांकडं त्यांनी हळूच पाहिलं.

"सूर्यभान मध्यरेषेच्या पलीकडं! सूर्यभान वाकले... सूर्यभानचा पाय धरला! सूर्यभान सुटायला बघतायत... सूर्यभान उताणे! सूर्यभान बाद!"

मैदानात आधी कुजबुज झाली, मग खसखस पिकली. काकांना त्याचं काही नव्हतं. पाठीवर लिहिलेलं ते वाचत होते.

"आता दुसरे सूर्यभान निघाले. ह्यांनाही धरलं! मंडळी, दोन सूर्यभान मैदानाबाहेर, पाच आत शिल्लक!"

"शेठ, लागलं न्हाई ना?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि सगळं मैदान फुटलं. पोरंसोरं गडबडा लोळायला लागली. पोरी हसू दाबण्याच्या नादात आणखी दोन सूर्यभान गमावून बसल्या. शेठच्या गळ्यातला हार एकदम जड झाल्यासारखा दिसायला लागला. मध्यांतराची शिट्टी वाजली, तसे ते धोतर सावरत पायऱ्या उतरले आणि थेट प्रज्ञापुढं येऊन उभे राहिले. आप्पा तिच्या मागं उभे होते, त्यांना घाम फुटला.

"ती पट्टी निघती का गं?"

"निघते की, शेठ."

"मग काढ."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या! आत्ता!"

पोरी पाठ करून ओळीनं उभ्या राहिल्या. प्रज्ञानं पहिला दोरा ओढला, सर्रकन पट्टी खाली आली आणि वृषालीच्या पाठीवर 'वृषाली' आलं. मग पुढची, मग त्याच्या पुढची. मैदानातून टाळ्या पडायला लागल्या. शेवटच्या पोरीनं तर मान वळवून वळवून आपली पाठ बघायचा प्रयत्न केला, ती काही तिला दिसली नाही.

पुढं पोरी जीव तोडून खेळल्या. पण पहिल्या डावातलं नुकसान भरून निघालं नाही, थोडक्यात हरल्या. दोरीच्या कडेला बसलेल्या गोजरबाईला खेळातलं काही कळत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. ती कान देऊन बसली होती. "वृषाली बाद!" असं पुकारलं तेव्हा तिनं जोरात टाळ्या वाजवल्या.

शेजारची बाई म्हणाली, "अवं, बाद झाली ती."

"हुईना का," गोजरबाई म्हणाली. "नाव तर घेतलं न्हवं माझ्या लेकीचं? समद्या नगरानं आयकलं."

सामना संपल्यावर प्रज्ञा पुन्हा बन्सीकाकांकडं गेली. काकांनी माईकवर सांगितलं, की या पोरींना शर्ट घोडेगावच्या सूर्यभानशेठनी दिलेत, एकदा जोरात टाळ्या होऊन जाऊ द्या. झाल्या. शेठ उठून उभे राहिले, हात जोडले, आणि जाता जाता प्रज्ञाजवळ थांबले.

"बन्सीला तूच शिकवलंस व्हय?"

"मी एवढंच म्हटलं, लिहिलंय ते वाचा. लांबून वाचता यावं म्हणूनच लिहून घेतलं होतं ना, शेठ?"

शेठनी तिच्याकडं रागानं पाहायचा प्रयत्न केला, पण त्यांना तो नीट जमला नाही. "सहादू," ते म्हणाले, "पोरगी तुझ्यावर गेलेली न्हाई."

दुसऱ्या दिवशी आप्पा जीव मुठीत धरून पायरीवर बसले. चहा रोजच्यापेक्षा उशिरा आला, पण आला.

त्या आठवड्यात गोजरबाई नगरला आली. पदराखाली नवा कोरा तांब्या. आप्पांनी तो गोणपाटावर घेतला, सुई चालू केली आणि मान खाली घालूनच विचारलं, "कुनाकडनं?"

"कुनाकडनं न्हाई, सहादूभाऊ. तिचा तिला हाय. 'वृषाली', येवढंच घाला."

सुई आप्पांच्या हातात थरथरत राहिली. त्यांनी तांब्या फिरवून पाहिला, पुन्हा फिरवून पाहिला. सगळा तांब्या मोकळा. एवढी जागा त्यांना उभ्या आयुष्यात कुणी दिली नव्हती. कुठून सुरुवात करावी तेच त्यांना सुचेना.

त्या संध्याकाळी आप्पा सुईचं यंत्र पिशवीत घालून घरी घेऊन आले. प्रज्ञा गाळा बंद करून आली तेव्हा फडताळातला जुना जग त्यांच्या मांडीवर होता. शेठच्या नावाची बाजू त्यांनी गोणपाटाकडं वळवली होती आणि दुसऱ्या, कोऱ्या बाजूवर ते बोटानं मापं घेत होते. प्रज्ञाला सगळं कळलं. तिचे डोळे भरून आले, पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"कुनाकडनं?" तिनं विचारलं.

"गप ऱ्हा," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी सुई टेकवली.