वजन करून दिलेली पोरं

मी अंगणवाडी सेविका. सतरा वर्षं पाड्यावरच्या पोरांची वजनं घेते आहे. एखादं पोर दोनशे ग्रॅमनं उतरलं तरी मी त्याच्या आईला दारातच फैलावर घेते. पण आमच्या वहीत मूल सहा वर्षांपर्यंतच असतं, पुढे ते शाळेचं. माझी मुलगी पाचवीला मुरबाड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत राहायला गेली. प्रवेशाला दवाखान्यात वजन झालं तेवढंच. नंतर ती शनिवार-रविवारी घरी आली, तेव्हा तिला काट्यावर उभी करावी हे मला सुचलंच नाही. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि तिथल्या अधीक्षिकेला तर मुळीच नाही.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं लावताना तिच्या पाठीचे मणके हाताला लागले. बोटांच्या बेचक्यांत खरूज. तिला टॉवेलात गुंडाळून तशीच अंगणवाडीत नेली आणि काट्यावर चढवली. दवाखान्याच्या कागदापेक्षा तीन किलो कमी. मग पाड्यावरची, त्याच शाळेतली बाकीची अकरा पोरं बोलावली. ज्यांच्या घरी कागद सापडले, ती सगळी उतरलेली.

चार बाप आणि मी तक्रार घेऊन गेलो. अधीक्षिका शाळेच्या आवारातच राहायची. तिनं आमचं ऐकलं, कपाट उघडलं आणि टेबलावर पावत्या टाकल्या. सुट्टीला मूल घरी नेताना पालकानं सही नाहीतर अंगठा द्यायचा, अशी तिथली रीत. वर छापलेलं असतं, 'मूल सुस्थितीत ताब्यात मिळाले.' माझीही सही होती. एसटी चुकेल म्हणून न वाचता केलेली.

"तुम्हीच लिहून दिलंय की," ती म्हणाली. मग हसली. "आणि घरी तरी रोज काय पंचपक्वान्नं खाता?"

मी त्या हसण्याचा डूख धरला.

परत येताना वैशाखऱ्याच्या पुढे गाडीतून उतरल्यावर चौघांतला सगळ्यात म्हातारा बाप म्हणाला, "गिरणीत भात देताना काट्यावर घालून देतो आमी. पोरं मात्र तशीच देऊन आलो गो." त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. मला मात्र वाट सापडली.

सुट्टीत पोरांनी घरचा नवा भात आणि डाळ खाल्ली, दुसरं काही नाही, आणि तेवढ्यावर वजनं चढली. शाळा उघडली त्या दिवशी मी अंगणवाडीचा काटा डोक्यावर घेऊन शाळेच्या ओट्यावर मांडला. सरकारी वस्तू बाहेर नेली म्हणून पुढे मला नोटीस मिळाली. मिळू दे. एकेक पोर काट्यावर चढवलं, आकडा कागदावर लिहिला आणि खाली लिहिलं, 'एवढ्या वजनाचे मूल ताब्यात मिळाले.' म्हटलं, आता तुमची सही.

"असा नियम नाही," ती म्हणाली.

"मग पोरं पन नाय," म्हातारा म्हणाला आणि पोरीचा हात धरून फाटकाकडे निघाला. मागोमाग सगळे निघाले. पट रिकामा दिसला तर तिला वर जाब द्यावा लागला असता. तिनं सह्या केल्या. पेन इतकं दाबून धरलं होतं की कागद फाटला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

महिन्यानं आम्ही काटा घेऊन पुन्हा गेलो. पुन्हा सगळी उतरलेली. आता आकड्याखाली तिचीच सही होती. ते कागद आम्ही शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात दिले. तिथून साहेब आले, कोठीघर उघडलं, आणि तिची बदली झाली. मुलीला मी घरी आणली. ती आता रोज टोकावड्याच्या शाळेत जाते.

मग सेविकांच्या बैठकीत एकीनं सांगितलं की त्या अधीक्षिकाबाईंची बदली शहापूर तालुक्यात झाली आहे. पुन्हा मुलींच्याच वसतिगृहात.

पुढच्या रविवारी मी एसटीनं तिथे पोचले. भेटीचा दिवस होता. ओट्यावर बसलेल्या आयांना पावतीची गोष्ट सांगत होते, तेवढ्यात ती बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा उतरला.

"तुमची मुलगी इथे नाही. तुमचं इथे काय काम?"

मी पिशवीतून पेपरात गुंडाळलेली तांदळाची भाकरी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. पाच-सहा दिवसांची, वाळून कडक झालेली. आदल्या दिवशी मुलीचं दप्तर धुवायला काढलं, तेव्हा वह्यांखाली मिळाली होती. घरात टोपली भरलेली असताना.

"माझी पोरगी अजून लपवून ठेवते," मी म्हणाले. "ती लपवायची थांबली का मी यायची थांबेन."